कोणत्या तालुक्याला?

मंडळी, गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळानं बसवलेलं नाटुकलं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. त्यात मी मंत्री झालो होतो. पोटाला उशी, डोक्यावर टोपी आणि तोंडात पान (म्हणजे बडीशेप; पान मिळायला शिकागोपर्यंत जावं लागतं). एका प्रसंगात मी कारकुनावर बोट रोखून म्हणतो, "जास्त बोललास तर गडचिरोलीला बदली करीन!" या एका वाक्याला जो हशा पडला, तो अख्ख्या नाटुकल्यात दुसऱ्या कशालाच पडला नाही. त्या हशाच्या आधारानं मी माझी पुढची विसरलेली ओळसुद्धा आठवून घेतली.

कौतुक कुणाला वाटत नाही? मी तो व्हिडिओ रात्रीच नागपूरला वडिलांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज चांगला लागला म्हणाले, उशी जरा खाली सरकली होती म्हणाले. आणि मग विचारलं, "पण बदली कोणत्या तालुक्याला केलीस?"

ते थट्टा करत नव्हते. माझे वडील सरकारी नोकरीत कारकून म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत बदलीचे हुकूम वाचत आणि लिहीत राहिले. त्यांच्या लेखी नुसती 'गडचिरोलीला' बदली होऊच शकत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा काढलेला हा जिल्हा चौदा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आहे आणि त्यात बारा तालुके आहेत. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथं रेल्वे आहे. आरमोरी, चामोर्शीला भातशेती आहे. कुरखेडा, कोरचीला छत्तीसगडची बोली कानावर पडते. मुलचेऱ्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. सिरोंच्यात घराघरात तेलुगू. मग धानोरा, अहेरी, एटापल्ली, भामरागड. वडसा मिळाला तर कारकून पेढे वाटायचा आणि भामरागड मिळाला तर बायको रडायची. हुकुमावर जिल्हा एकच असला तरी नशीब बारा प्रकारचं होतं.

आता कबुलीजबाब. आमच्या वाट्याला एटापल्ली आली होती. १९८५ ते १९९०, म्हणजे माझ्या अकराव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत आम्ही तिथं राहिलो. या देशात येऊन मला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. इतक्या वर्षांत कुणीही विचारलं की मी "नागपूरचा" असंच सांगत आलो आहे. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. आणि ज्या गावात मी मिसरूड फुटेपर्यंत वाढलो, त्याच्या नावावर मी स्टेजवरून टाळ्या घेतल्या.

वडिलांच्या प्रश्नानं एक काम मात्र झालं. या भागाबद्दलची माझ्याकडची आणि मंडळाच्या लायब्ररीतली मराठी पुस्तकं मी पुन्हा काढून वाचली, दोन-तीन चित्रपट पुन्हा पाहिले. मला एवढंच शोधायचं होतं की आमच्या एटापल्लीसारखं गाव यांत कुठं आहे का. तहसील कचेरी, पोलीस स्टेशन, वनखात्याचं ऑफिस, दवाखाना, शाळा, चार किराणा दुकानं, सरकारी क्वार्टर्स आणि आठवड्याचा बाजार असलेलं गाव. जंगल नव्हे, आदिवासी पाडा नव्हे, शहर तर नव्हेच. जिथून राज्य चालतं, किंवा चालत नाही, ते गाव.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असणाऱ्या पुस्तकापासून सुरुवात करतो. डॉ. प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा' २००९ साली आलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना आणि मंदाताईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. पुस्तक भारतवारीहून परतताना बॅगेत घालून आणलं नाही असं मराठी घर इथं शोधावं लागेल. मला ते तेव्हाही आवडलं होतं, आताही आवडलं. त्यात आव नाही. डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा वीज नव्हती, रस्ता नव्हता, माडिया माणूस परक्याला पाहून पळून जायचा. अशा ठिकाणी दोन डॉक्टर झाडाखाली बसून रोग्याची वाट पाहतात. हे सगळं दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर विशेषणांनी ओथंबलं असतं. प्रकाशभाऊ केसपेपर लिहावा तसं लिहितात, आणि म्हणूनच ते अंगावर येतं.

पण हेमलकसा भामरागडपासून तीन किलोमीटरवर आहे, आणि भामरागड हे तालुक्याचं गाव आहे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या तिथं एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की तालुक्याचा जगाशी संबंध तुटायचा, आणि हे वर्षातून एकदा नव्हे, अनेकदा व्हायचं. त्या पुरात भामरागडचा दुकानदार काय करायचा, तहसीलमधला कारकून पगार कसा आणायचा, शाळेतल्या बाईंचं बाळंतपण कुठं व्हायचं? पुस्तकात ते गाव येतं ते कामापुरतं. तक्रार नाही ही. आत्मचरित्रात माणूस स्वतःचं सांगणार. पण आपण वाचकांनी काय केलं? आपण त्या तीन किलोमीटरांच्या अलीकडंच थांबलो. आपल्या मनात भामरागड तालुका म्हणजे हेमलकसा, आणि हेमलकसा म्हणजे तीर्थक्षेत्र. तीर्थक्षेत्राला जाणारा माणूस वाटेतलं गाव बघत नाही.

२०१४ साली आलेल्या समृद्धी पोरे यांच्या 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हिरो' या चित्रपटानं हे आणखी पक्कं केलं. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांनी कामं मन लावून केली आहेत. आमच्या इथं पाहताना अर्ध्या लोकांच्या हातात रुमाल होते, त्यात मीही. तरी आता पुन्हा पाहिल्यावर एक गोष्ट खटकली. कॅमेरा सतत डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं जातो. समोर माडिया बाई तळमळत असते आणि आपल्याला दाखवतात की तिला पाहून नानाला काय वाटलं. चित्रपटाचं नावच 'खरा हिरो' म्हटल्यावर दुसरं काय होणार! पाहून झाल्यावर आम्ही देणगीची पेटी फिरवली. ती चांगलीच भरली. पण भामरागडच्या बाजारात मीठ काय भावानं मिळतं, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

आता दुसरं टोक. विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी. मनोहर स्वतः हेमलकशाचे कार्यकर्ते, त्यामुळं हा भाग त्यांना पर्यटकासारखा नव्हे तर रहिवाशासारखा माहीत. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी. माझ्या मते या भागाबद्दल मराठीत लिहिली गेलेली ही सर्वांत महत्त्वाची कादंबरी आहे. माडिया तरुण बंदूक हातात घेऊन जन्माला येत नाही, त्याला तिथवर ढकलत नेलं जातं, हे ती भाषण न करता दाखवते. वनखात्याची माणसं, पोलीस, ठेकेदार, व्यापारी, सगळे मिळून एका साध्या माणसाला कसे कोपऱ्यात घेतात ते वाचताना हात थरथरतात.

पहिल्यांदा मी ती नागपूरला कॉलेजात असताना वाचली आणि अर्ध्यावर मिटून ठेवली होती. कारण सांगतो. त्यातला सरकारी माणूस मला माहीत होता. आमच्या क्वार्टरच्या मागच्या दारी दर काही दिवसांनी एखादी कोंबडी, मोहाची बाटली, मधाचं पोळं यायचं. आणणारा माणूस दारात उकिडवा बसायचा, बोलायचा नाही. त्याचा कुठला तरी कागद कुठल्या तरी टेबलावर अडकलेला असायचा. माझे वडील पैसे खाणाऱ्यांतले नव्हते, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण कोंबडी परत पाठवणाऱ्यांतलेही नव्हते. आई ती शिजवायची आणि मी ती खाल्ली आहे. चवीनं खाल्ली आहे. तेव्हा मनोहरांच्या कादंबरीतला शोषक म्हणजे कुणी खलनायक नाही, आमच्याच घरात अडनी लुंगी नेसून पेपर वाचत बसलेला माणूस आहे, हे कळलं आणि पुस्तक मिटलं.

या वेळी ते पूर्ण वाचलं. त्याची ताकद कमी झालेली नाही. पण एक उणीवही जाणवली आणि ती सांगणं भाग आहे. कादंबरीतला सरकारी माणूस फक्त माडियाच्या झोपडीसमोर उभा असलेलाच दिसतो. तो तिथून परत कुठं जातो? त्याचं घर, त्याची भीती, बदलीसाठी त्यानं केलेले अर्ज, त्याची त्या गावात शिकणारी मुलं? हे दाखवलं असतं तर तो निर्दोष ठरला नसता. उलट त्याचा दोष जास्त खोल कळला असता. भीतीपोटी आणि कंटाळ्यापोटी माणूस किती वाईट वागू शकतो ते कळलं असतं. वाईट वागायला दुष्ट असावं लागत नाही, हे त्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या पोरांना चांगलं ठाऊक असतं.

भीती खरी होती. १९८०च्या सुमाराला प्राणहिता ओलांडून आंध्रातून नक्षलवादी या भागात आले. तेंदूपानाचा दर आणि बल्लारपूरच्या पेपर मिलसाठी होणाऱ्या बांबूतोडीची मजुरी वाढवून घेण्यापासून त्यांनी सुरुवात केली, आणि दर खरोखरच वाढले, हे वडील त्या काळीही मान्य करायचे (दार लावून). आम्ही गेलो तेव्हा लोक त्यांना 'दादा लोक' म्हणायचे, मोठ्यानं नाही. पुढं खबऱ्या ठरवून माणसं मारणं, रस्त्यावर झाडं आडवी टाकणं, बस जाळणं सुरू झालं. २८ जुलैपासूनचा त्यांचा शहीद सप्ताह आला की बाजार ओस पडायचा. २००९ हे वर्ष सर्वांत भयंकर. फेब्रुवारीत मरकेगावला १५ पोलीस, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६, ऑक्टोबरमध्ये लाहेरीला १७ पोलीस मारले गेले. त्या वर्षी मी ऑफिसात बसून नेटवर मराठी पेपर उघडायचो आणि आधी तालुका कोणता ते पाहायचो. पुढं २०१८ मध्ये कसनासूरला सुमारे चाळीस नक्षलवादी मारले गेले, २०२१ मध्ये मर्दिनटोल्याला २६. दोन्ही बाजूंना मरणाऱ्यांत त्याच बारा तालुक्यांतली पोरं होती.

एटापल्लीच्या शाळेत माझ्या बाकावर एक माडिया मुलगा बसायचा. गणितात माझ्यापेक्षा पुढं. मराठी त्याला शाळेत येऊन शिकावी लागली होती आणि आमचे गुरुजी त्याच्या उच्चारांना हसायचे, आम्हीही हसायचो. मागच्या बाकावर त्याचा चुलतभाऊ. पुढं एक पोलिसात भरती झाला आणि दुसरा दलममध्ये गेला. दोघांपैकी एकाचं नाव मला काही वर्षांनी एका बातमीत दिसलं. कोणाचं ते लिहीत नाही, त्यांची घरं तिथंच आहेत. मला म्हणायचं आहे ते एवढंच, की दलममध्ये गेलेल्यावर कादंबरी आहे, पोलिसावर बातम्या आणि सत्काराची भाषणं आहेत, पण ते दोघे ज्या वर्गात मागंपुढं बसत होते, त्या वर्गावर मराठीत एक पानही मला सापडलं नाही. आणि तो वर्ग तालुक्याच्या गावात होता.

इंग्रजीतही फार वेगळं नाही. अरुंधती रॉय यांचा 'वॉकिंग विथ द कॉम्रेड्स' हा २०१० चा गाजलेला लेख दंतेवाड्याच्या दंतेश्वरी मंदिरासमोर सुरू होतो. दंतेवाडा म्हणजे छत्तीसगडातलं अगदी आमच्यासारखंच गाव, कचेऱ्यांचं आणि पोलिसांचं. लेखिकेची नजर तीक्ष्ण आहे, चार फटकाऱ्यांत ती गाव उभं करते. पण तिला नेणारा मुलगा येतो आणि ती जंगलात निघून जाते, ती गेलीच. अल्पा शाह यांचं २०१८ चं 'नाइटमार्च' हे पुस्तक मला त्याहून समंजस वाटलं, तरी त्याचाही कणा म्हणजे जंगलातून रात्री केलेली चाल. सगळे गावाच्या बसस्टँडवर उतरतात आणि जंगलाकडं चालू लागतात. स्टँडवरच्या कँटीनवाल्याशी कुणी बोलत नाही.

याला एक सुंदर अपवाद आहे आणि तो आपल्याच अमित मसुरकर यांनी केलेला हिंदी चित्रपट आहे, २०१७ चा 'न्यूटन'. भारतातर्फे ऑस्करला पाठवला होता म्हणून इथं बऱ्याच जणांनी पाहिला असेल. नायक चक्क कारकून! छत्तीसगडच्या जंगलात ७६ मतदारांचं मतदान घ्यायला निघालेला, घड्याळ आणि नियमांचं पुस्तक सांभाळणारा. राजकुमार रावला पाहताना मला वडिलांचे जुने सहकारी आठवत होते. स्टॅम्पपॅड कोरडं पडू नये म्हणून धडपडणारी ती माणसं. निमलष्करी दलाचा अधिकारी झालेला पंकज त्रिपाठी आणि हा कारकून यांच्यातली जुगलबंदी म्हणजे त्या भागातल्या राज्यकारभाराचं नेमकं चित्र आहे. पण मला सर्वांत आवडली ती अंजली पाटीलनं केलेली मलको, तिथलीच, निवडणुकीच्या कामाला लागलेली आदिवासी मुलगी. न्यूटन एका दिवसासाठी आलेला आहे, मलको रोज तिथं राहते. दिग्दर्शकाला हे पक्कं ठाऊक आहे, आणि शेवटी ती न्यूटनच्या ऑफिसात येते तेव्हा तो तिला जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबायला लावतो, हा प्रसंग मला अजून हसवतो. एकच रुखरुख: चित्रपट न्यूटनचा आहे. मलकोचा चित्रपट अजून व्हायचा आहे.

आणि एक मराठी पुस्तक, ज्याची आपल्याकडं पुरेशी चर्चा झाली नाही. मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची'. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचं छोटं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर त्या गावानं वर्षानुवर्षं बैठका घेतल्या, कायदा वाचला, अर्ज केले आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतुकीचा पास लागतो, आणि पासाचं पुस्तक वनखात्याच्या हातात! तो पास ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं. त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री दोघांना गावात यावं लागलं. बोकील हे शांतपणे, बारकाव्यांसह सांगतात. बंदूक नाही, वाघ नाही, डॉक्टर नाही. पुस्तकाचा नायक आहे एक फाइल. ती कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर गेली, कुणी अडवली, कुणी पुढं सरकवली. थोडं कोरडं आहे, मान्य. माझ्या बायकोनं चाळीस पानांनंतर परत दिलं. पण माझ्या वडिलांनी ते दोन बैठकीत संपवलं आणि म्हणाले, "हे खरं लिहिलंय." दारात उकिडवा बसणारा माणूस उठून उभा राहिला आणि त्यानं आपला कागद मागितला, असं त्या पुस्तकात घडतं. कोंबडी न देता.

डॉ. राणी बंग यांच्या 'गोईण'चा उल्लेख केल्याशिवाय पुढं जाववत नाही. तिथल्या बायका झाडांविषयी जे बोलल्या ते त्यांनी ऐकून लिहिलं. आपण न बोलता दुसऱ्याला बोलू देणं हे आपल्या साहित्यात दुर्मीळच.

माझी धाकटी मुलगी शाळेत असताना तिला 'टू किल अ मॉकिंगबर्ड' नेमलं होतं. तुमच्याही घरी ते पुस्तक येऊन गेलं असेलच. मी तेव्हा तिच्याबरोबर पहिल्यांदा वाचलं. मेकॉम्ब हे गाव काउंटीचं ठाणं आहे. मधोमध कोर्टाची इमारत, भोवती चार रस्ते, आणि संपूर्ण प्रदेश गोऱ्या-काळ्यांच्या जुन्या वैरानं आतून सडलेला. मी वाचता वाचता मुलीला म्हटलं, "हे तर आमचं एटापल्ली." ती म्हणाली, "बाबा, एटापल्ली कुठं आहे?" सोळा वर्षांच्या मुलीला बापाचं गाव माहीत नव्हतं, कारण बापानं सांगितलंच नव्हतं.

हार्पर ली यांनी ते गाव १९६० साली जगाच्या नकाशावर आणून ठेवलं, कारण त्यांनी जंगलात किंवा शेतात न जाता कोर्टाच्या पायरीवर बसून पाहिलं. तिथं सगळे येतात. वकील, शेरीफ, दारुडा, शेजारीण, आरोपी. आमच्या तहसीलच्या व्हरांड्यातही सगळे यायचे. दाखला मागणारा माडिया, बंगाली शेतकरी, तेलुगू व्यापारी, नागपूरहून तपासणीला आलेला साहेब, आणि म्हणे साध्या कपड्यांत दादा लोकसुद्धा. कादंबरीकाराला आणखी काय हवं?

तुम्ही म्हणाल, मग तूच लिही की. मुलीच्या शिक्षिकेनं वर्गात विचारलेला एक प्रश्न मला आडवा येतो: या पुस्तकातली काळी माणसं कडेला का उभी आहेत? बरोबर आहे. सज्जन गोऱ्या वकिलाच्या मुलीनं सांगितलेली गोष्ट ती. मोलकरीण कॅल्पर्निया संध्याकाळी आपल्या वस्तीत जाऊन काय बोलत असेल हे तिला कसं कळावं? मी लिहिलं तर माझाही बाकावरचा मित्र असाच कडेला उभा राहील. 'बनगरवाडी'त व्यंकटेश माडगूळकरांचा तरुण मास्तर परकाच होता, पण त्यानं वाडीतल्या माणसांना बोलू दिलं. ते साधायला माडगूळकर असावं लागतं. एटापल्लीची कादंबरी त्या बाकावरच्या कुणीतरी किंवा त्याच्या मुलीनं लिहायला हवी. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथं शिकणाऱ्या कुणाच्या वहीत ती सुरूही झाली असेल.

नाटकाचं मात्र त्या लोकांनी आपल्यावर अवलंबून ठेवलेलं नाही. दिवाळी झाली की वडसा गावात झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक कंपन्यांची धावपळ सुरू होते आणि पुढं कितीतरी आठवडे पूर्व विदर्भातल्या गावागावांत रात्रभर नाटकं चालतात. तिकीट काढून, थंडीत शाली गुंडाळून, हजारोंनी माणसं पहाटेपर्यंत बसतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी, आणि त्याआधी वर्षभर तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' नावाचा चित्रपट तिच्यावर येऊन गेला. पुण्या-मुंबईचे समीक्षक या नाटकांना भडक म्हणतात. आहेतच भडक! पण आपण इथं तीस डॉलरचं तिकीट, मोफत पार्किंग आणि मध्यंतरात बटाटेवडे ठेवूनही तीनशे खुर्च्या भरताना घामाघूम होतो, तेव्हा हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? एवढंच, की त्या नाटकांत सासू-सून, दारू, जमिनीचे तंटे सगळं असतं, पण मी पाहिलेल्यांत तरी बंदूक नव्हती. रात्री घरी परत जायचं असतं ना प्रेक्षकांना.

आता तिथलं चित्र झपाट्यानं बदलतं आहे. १ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातल्या गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या रस्त्यानं पहिल्यांदा एसटी धावली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. सुरजागडचं लोखंड ट्रकांत भरून बाहेर जात आहे आणि त्या धुळीवरून वेगळी भांडणं सुरू आहेत. एसटीच्या बातमीचं कात्रण वडिलांनी फोटो काढून पाठवलं, खाली फक्त दोन शब्द: "वांगेतुरी! बस!" आमच्या काळी तिकडं कामाला जायचं म्हटलं की लोक वैद्यकीय रजा टाकायचे. खाणीबरोबर पैसा येईल, क्वार्टर्स पाडून इमारती होतील. ज्या गावाबद्दल मी इतका वेळ बोलतो आहे ते गाव कुणी लिहून ठेवण्याआधीच नाहीसं होणार, असं मला वाटतं.

म्हणून मंडळाकडं एक मागणं आहे. मंडळाच्या लायब्ररीत 'एका नक्षलवाद्याचा जन्म' नाही (मी माझी प्रत वाचली) आणि 'गोष्ट मेंढा गावाची'ची आहे ती प्रत मीच दिलेली आहे. दोन्हींच्या आणखी प्रती मागवाव्यात. आणि आपल्यापैकी कुणाचे वडील किंवा आई शिक्षक, तलाठी, नर्स, कंपाउंडर, वनरक्षक म्हणून त्या बाजूला नोकरीला असतील तर त्यांनी मला फोन करावा. तालुका कोणता तेवढा आधी सांगावा.

हा लेख छापायला देण्याआधी मी वडिलांना फोनवर वाचून दाखवला. कोंबडीच्या परिच्छेदापाशी वाचू की नको असं झालं होतं, पण वाचला. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाले, "सगळ्यांचे नाही, पण दोनदा मी पैसे दिले होते. तेही लिही."

लिहिलं.